व्हाइट विडो खरंच ‘बॅलन्स्ड’ असते का? मोरजीला नाइट शिफ्ट करणाऱ्या मुलाला उत्तर

तुझा प्रश्न मी दोनदा वाचला. तू २३ वर्षांचा, घर गोव्यात डिचोलीला, मोरजीच्या रिसॉर्टमध्ये नाइट शिफ्ट करतोस, सकाळी खोलीवर येऊन पडलं तरी डोळा लागत नाही, आणि सोबतच्या एका मुलाने सांगितलं की व्हाइट विडो नावाचा गांजा ओढून बघ, हायब्रिड म्हणजे संकरित जात आहे, गांजाचे दोन प्रकार सांगतात त्यातली अर्धी सॅटिव्हा अर्धी इंडिका, त्यामुळे डोकं शांत होतं आणि अंग पण जड पडत नाही, एकदम बॅलन्स्ड. तुझं विचारणं असं की ही जात आली कुठून, तिला मिरी-लिंबासारखा वास का येतो, आणि हे बॅलन्स्ड वगैरे खरं आहे का. आणि मग अगदी शेवटी जाता जाता लिहिलंयस की मामाला तरुणपणी ‘वेड लागलं होतं’ म्हणून आई घाबरते, आणि पुढच्या वर्षी बोटीवर नोकरीला जायचा विचार आहे.

मी मूळची पेडण्याची, गेली २२ वर्षं म्हापशात मानसोपचाराची प्रॅक्टिस करते. खरं सांगायचं तर मी लिहायला बसले ती त्या शेवटच्या दोन ओळींमुळे. पण तू विचारलंस ते आधी सांगते, कारण ते टाळून सरळ उपदेश केला तर तू पुढचं वाचणार नाहीस, आणि प्रश्न चांगला आहे, त्याला नीट उत्तर आहे.

व्हाइट विडो ही हॉलंडची, १९९० च्या दशकातली. तिथे १९७६ ला कायदा बदलला, थोडा गांजा कॉफीशॉपमधून विकलेला सरकार चालवून घ्यायला लागलं, आणि मग बियाणे तयार करणारे लोक उघडपणे संकर करायला लागले. त्याआधी कॅलिफोर्नियातल्या लोकांनी अफगाणिस्तान, मेक्सिको, कोलंबिया अशा ठिकाणच्या जाती एकत्र करून स्कंक वगैरे जाती काढल्याच होत्या, ते बियाणं हॉलंडमध्ये पोचलं आणि तिथे हा धंदा वाढला. विडोचे आईबाप सांगतात ते म्हणजे ब्राझीलची सॅटिव्हा आणि दक्षिण भारतातली इंडिका, केरळच्या डोंगरातली. म्हणजे जिला आपण परदेशी माल समजतो तिचं अर्धं रक्त आपल्या इथून थोडं खालच्या केरळचं आहे. ग्रीन हाउस नावाच्या डच कंपनीने ती बाजारात आणली, १९९५ ला ॲम्स्टरडॅमच्या कॅनाबिस कप या गांजाच्या स्पर्धेत पहिली आली आणि नाव जगभर झालं. पुढे ती मुळात कोणी केली यावरून वाद झाला, शांतीबाबा नावाने ओळखला जाणारा ऑस्ट्रेलियन ब्रीडर म्हणतो माझी, दुसरे म्हणतात त्याची नाही. शांतीबाबाने नंतर तीच जात ब्लॅक विडो नावाने विकली. नाव पडलं ते फुलांवरच्या पांढऱ्या थरामुळे. तो थर म्हणजे राळेच्या बारीक बारीक ग्रंथी, ट्रायकोम म्हणतात, झाड स्वतःला ऊन आणि किडीपासून वाचवायला ते करतं, आणि नशा आणणारं द्रव्य बहुतेक सगळं तिथेच असतं.

आता इथे थांबून एक गोष्ट लक्षात घे, यावर पुढचं सगळं अवलंबून आहे. मानकुराद आंब्याची कोय पेरली तर झाड येतं, आंबे पण येतात, पण ते मानकुराद असतीलच असं नाही, म्हणून आपण कलम बांधतो. हायब्रिड गांजाचं तसंच. त्या मूळ झाडाची फांदी लावून वाढवलेलं रोप असेल तर ते विडो. तिचं बी घेऊन कुणीतरी कुठेतरी पेरलं, त्याचं पुन्हा बी धरलं, की दोन पिढ्यांत रायवळ झालं, नाव तेवढं तेच राहिलं. अमेरिकेत जिथे दुकानात लेबल लावून कायदेशीर विकतात तिथेसुद्धा एकाच नावाचे वेगवेगळ्या दुकानातले नमुने तपासले तर त्यांचे जीन्स जुळत नाहीत असं दिसलंय. मग मोरजीत प्लास्टिकच्या पुडीत मिळणाऱ्या मालाला विडो म्हणायचं की अजून काही, हे विकणाऱ्याच्या तोंडावर आहे. कुणी ‘हायड्रो’, म्हणजे मातीशिवाय पाण्यावर वाढवलेलं म्हणेल, कुणी बँकॉकवरून आलंय म्हणेल. मानकुराद हे नावच बघ ना, पोर्तुगीजमधून आलंय, मालकोराद, म्हणजे रंगाने वाईट. नावावरून चव कळली असती तर कुणी तो आंबा तोंडात घातला नसता.

चवीचं सांगते, कारण तू ते बारकाईने लिहिलंयस. तुला जो वास आला तो नशेच्या द्रव्याचा नाहीच, त्या द्रव्याला टीएचसी म्हणतात आणि त्याला वास नसतो. वास असतो तो टर्पीन नावाच्या तेलांचा, आणि ती तेलं तुझ्या आईच्या स्वयंपाकघरात पण आहेत. मिरीतला आणि लवंगेतला झणका देतं ते कॅरिओफिलीन, लिंबू-मोसंबीच्या सालीतलं लिमोनीन, टर्पेंटाइनचा वास येतो तो पायनीनचा, आणि आंब्यात, गवती चहात असतं ते मिर्सीन. बांगड्याच्या हुमणात तिरफळं घातल्यावर घरभर जो वास सुटतो तो पण याच कुटुंबातल्या तेलांचा. विडोचं वर्णन सगळीकडे साधारण एकच करतात, मातकट, लाकडासारखा, वरून मिरी आणि जरा लिंबू. पण झाड कापल्यावर ते सुकवलं कसं, किती दिवस बंद बरणीत ठेवलं, यावर निम्मा वास ठरतो. आपल्याकडे जून ते सप्टेंबर पापडसुद्धा मऊ पडतात, तिथे ही फुलं पुडीत राहिली की बुरशी धरते, मग कुजक्या गवतासारखा वास येतो, आणि ती बुरशी जाळून ओढली तर छातीत जाते. दमा असलेल्या किंवा प्रतिकारशक्ती कमी असलेल्या माणसाला हे फार महागात पडू शकतं.

लोक पुढे असंही म्हणतात की वासावरून इफेक्ट कळतो, लिंबाचा वास म्हणजे मूड चांगला, आंब्याचा म्हणजे झोप. यात अगदीच काही नाही असं नाही. २०२४ साली अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या लोकांनी २० जणांवर प्रयोग केला, त्यातल्या १२ जणांना ३० मिलिग्रॅम टीएचसीबरोबर १५ मिलिग्रॅम शुद्ध लिमोनीन वाफेतून दिलं तर घाबरल्यासारखं होणं कमी झालं. पण टीएचसीच्या निम्मं लिमोनीन, एवढं फुलात कुठून असणार, तिथे ते त्या मानाने फारच थोडं असतं, तेव्हा या प्रयोगावरून पुडीतल्या मालाबद्दल काही ठरवू नकोस.

सॅटिव्हा-इंडिकाचं तर मला राग येतो इतकं चुकीचं पसरलंय. सॅटिव्हा हे नाव लिनियस या वनस्पतिशास्त्रज्ञाने १७५३ ला दिलं, युरोपात दोरखंडासाठी लावायचे त्या झाडाला. इंडिका हे नाव लामार्क या दुसऱ्या शास्त्रज्ञाने १७८५ ला दिलं, भारतातून गेलेल्या झाडाला, कारण ते वेगळं दिसत होतं आणि नशा आणत होतं. झाडाचा आकार, पानं, मूळ प्रदेश, एवढाच त्या नावांचा अर्थ. एकीने डोकं चढतं आणि दुसरीने अंग सुस्तावतं ही विक्रीची भाषा आहे, नंतर आलेली. आणि आज बाजारात जे आहे ते जवळजवळ सगळंच मिसळलेलं आहे, त्यामुळे ‘हायब्रिड’ सांगून विकणाऱ्याने तुला काहीच सांगितलेलं नाही.

मग इफेक्ट कशावर ठरतो? तर टीएचसी किती, सीबीडी हे गांजातलंच नशा न आणणारं द्रव्य आहे का, किती ओढलं, कसं घेतलं, आधी सवय होती का, पोटात काय होतं, सोबत दारू होती का, आणि ज्याने घेतलं तो माणूस कोण. जातीचं नाव यात फार खाली येतं.

टीएचसी हे द्रव्य १९६४ ला इस्रायलमध्ये मेशुलम आणि गाओनी या दोघांनी वेगळं केलं. मेंदूत त्याला धरणारी जागा असते हे १९८८ ला कळलं, आणि १९९२ ला शरीर स्वतः तयार करतं ते तसलंच द्रव्य सापडलं, त्याला नाव दिलं आनंदमाइड, आपला संस्कृत आनंद. म्हणजे भूक, झोप, भीती, आठवण हे सगळं थोडं थोडं सांभाळणारी यंत्रणा आपल्यात आहेच, बाहेरून टीएचसी घातलं की ती एकदम जोरात चालते. मग पहिल्या तासात हसू येणं, गाणं छान वाटणं, वेळ लांबल्यासारखा वाटणं, भूक लागणं, डोळे लाल, तोंड कोरडं, छातीत धडधड. ज्याला ते मानवत नाही त्याला तेच धडधडणं भीतीत जातं, आणि मग आपण मरतोय असं वाटतं.

प्रमाण समजायला आपलंच उदाहरण घे. मार्च-एप्रिलमध्ये काजूच्या बोंडूची हलकी दारू, उर्राक, पितात, लिंबू, सोडा, चिरलेली मिरची घालून, ती साधारण १५ टक्क्यांची. त्याच बोंडूची फेणी ४२ टक्क्यांच्या आसपास. उर्राकचा ग्लास समजून कुणी फेणीचा ग्लास रिकामा केला तर काय होतं हे गोव्यात कुणाला सांगायला नको. गांजाचं नेमकं हेच झालंय. अमेरिकेत पकडलेल्या मालात १९९५ ला सरासरी ४ टक्के टीएचसी होतं, २०१४ ला १२. विडोचं बियाणं विकणारे १८ ते २५ टक्के सांगतात. आता हिशोब कर, एका जॉइंटमध्ये, म्हणजे गांजाच्या विडीत, ०.३ ग्रॅम धरला तर ५ टक्क्यांच्या मालात १५ मिलिग्रॅम टीएचसी, २० टक्क्यांच्या मालात ६०. यातलं बरंच जळून जातं, पण तरी चौपट ते चौपटच. अमेरिकेत संशोधनासाठी २०२१ ला एक युनिट ठरवलं ते ५ मिलिग्रॅमचं. तुझ्या मित्राच्या ‘बॅलन्स्ड’ला या हिशोबात कुठे जागा आहे सांग. हणजूणला साठ-सत्तरच्या दशकात हिप्पी आले त्या काळच्या गोष्टी ऐकून आजचा माल जे ओढतात ते उर्राकच्या अंदाजाने फेणी पितायत.

खाण्यातून घेतलं तर अजून वेगळं. ओढलं की काही मिनिटांत चढतं आणि दोन ते चार तासांत उतरतं. ब्राउनी, कुकी असलं काही खाल्लं तर अर्धा तास ते दोन तास काहीच होत नाही, मग यकृतात त्याचं अजून जोरकस रूप तयार होतं आणि सहा-आठ तास, कधी त्याहून जास्त राहतं. मागे एका डिसेंबरात रात्री दीडला एका मुलाला मित्र माझ्याकडे घेऊन आले होते, अर्धी कुकी खाल्ली, पाऊण तास काही झालं नाही म्हणून उरलेली अर्धी आणि वर दुसऱ्याची. नाडी १३० च्या वर, हात घट्ट धरून एकच वाक्य, डॉक्टर माझ्या बाबांना फोन करा मी जातोय. तो गेला नाही, सकाळपर्यंत बरा झाला, पण पुढे चार महिने त्याला बसमध्ये, लिफ्टमध्ये तसेच पॅनिक अटॅक येत राहिले. त्याला कुणीतरी सांगितलेलं, हायब्रिड आहे, सॉफ्ट आहे.

आणि उलट बाजू पण प्रामाणिकपणे सांगते. बऱ्याच जणांना आयुष्यात दोनचारदा घेऊन काही होत नाही, ते घरी जातात, लग्न करतात, नोकरी करतात, माझ्यापर्यंत येतच नाहीत. मी बघते ते त्रास झालेलेच लोक, त्यामुळे माझ्या नजरेला एक कल आहे हे तू धरून चाल. घेणाऱ्या दहा जणांत साधारण एकाला ते सुटेनासं होतं, किशोरवयात सुरुवात केली असेल तर सहात एकाला. रोज घेणाऱ्या काहींना वर्षानुवर्षांनी न थांबणाऱ्या उलट्या सुरू होतात, गरम पाण्याने आंघोळ केली की तेवढंच बरं वाटतं. अशी एक मुलगी सहा महिने पोटाच्या तपासण्या करत फिरली आणि मग माझ्याकडे आली, बंद केल्यावर थांबल्या.

पण मामाचं. इथे माझं म्हणणं बाकी सगळ्यापेक्षा स्पष्ट आहे.

स्किझोफ्रेनियासारखा आजार कुठल्याही शंभर माणसांत साधारण एकाला होतो. आई-वडील-सख्खं भावंड यांच्यात कुणाला असेल तर तो धोका दहाच्या आसपास जातो, मामा-काका-आत्यांना असेल तर मधे, दोन-तीनच्या घरात. हा आकडा ऐकून घाबरायचं कारण नाही, शंभरात सत्त्याण्णव लोक ठीक राहतात. पण त्यावर जोरदार गांजा रोज चढवला तर काय होतं बघ. २०१९ ला लॅन्सेट सायकियाट्री या वैद्यकीय नियतकालिकात युरोप आणि ब्राझीलमधल्या ११ ठिकाणच्या रुग्णांचा अभ्यास आला होता. टीएचसी १० टक्के किंवा वर असलेला माल रोज घेणाऱ्यांमध्ये पहिल्यांदा सायकोसिस, म्हणजे भास-भ्रम होऊन वास्तवाचं भान सुटणं, होण्याची शक्यता कधीच न घेणाऱ्यांच्या जवळजवळ पाचपट दिसली. विडो, खरी असेल तर, त्या १० च्या दुप्पट आहे. आणि तुझं वय २३, हा आजार पुरुषांमध्ये सुरू होतो तो बहुतेक याच वयात, मेंदूची घडण पंचविशीपर्यंत चालू असते. आणि तू विचारतोयस ते शनिवारी एकदा मजा म्हणून नाही, झोपेसाठी, म्हणजे रोज. म्हणून तुझ्या बाबतीत मी ‘बघ, तुझं तू ठरव’ असं म्हणणार नाही, घेऊ नकोस म्हणते, कुठल्याही नावाची. हाच प्रश्न घराण्यात असं काही नसलेल्या चाळीस वर्षांच्या माणसाने विचारला असता तर माझं उत्तर इतकं ठाम नसतं.

आणि झोपेसाठी तर ते औषध म्हणून पण वाईट आहे. पहिले काही दिवस लवकर डोळा लागतो हे खरं, पण स्वप्नांची झोप कमी होते, दोनतीन आठवड्यांत तेवढ्याने भागेनासं होतं, आणि बंद केलं की पहिला आठवडा झोप उडते, भयंकर स्वप्नं पडतात, चिडचिड होते, मग माणूस म्हणतो बघा माझं याच्याशिवाय चालतच नाही आणि परत सुरू करतो. शिवाय इथली मुलं जॉइंटमध्ये सिगारेटची तंबाखू मिसळतात, निकोटिन स्वतःच झोप उडवतं, आणि कित्येकांना गांजा सोडता येतो पण तंबाखू चिकटते.

तुझी झोप बिघडलीय ती उजेडामुळे, असं मला तुझ्या वर्णनावरून वाटतं. सकाळी सातला मोरजीहून स्कूटरवर उन्हातून येतोस, मेंदूला वाटतं दिवस उगवला. परत येताना गडद गॉगल घाल, खोलीच्या खिडकीला जाड काळा पडदा किंवा सरळ पुठ्ठा लाव, शेवटचा चहा रात्री दोनच्या आत, आल्यावर हलकं खा आणि फोन दुसऱ्या खोलीत ठेव. सुट्टीच्या दिवशी पूर्ण उलटं वेळापत्रक करू नकोस, यानेच सगळ्यात जास्त घोळ होतो. मॅनेजरला सांगून नाइट सलग लावून घे, दोन रात्री-दोन दिवस अशी नको. तीन आठवड्यांत फरक पडला नाही तर डॉक्टरला भेट, झोपेवर गोळ्यांशिवाय पण बरंच करता येतं.

बोटीवर जायचंय म्हणालास, तर तिथे मेडिकलला लघवी तपासतात आणि बोटीवर अचानक पण तपासतात. टीएचसी चरबीत साठतं, एकदा घेतलं तर काही दिवस, रोज घेणाऱ्याच्या लघवीत महिनाभर सुद्धा दिसतं. मडगाव-वास्कोपासून आमच्या पेडण्यापर्यंत मुलं या एका तपासणीत अडकून घरी बसलेली मी बघितलीयत, एजंटला पैसे भरून झालेले असतात. कायद्याचं पण नीट माहीत असू दे. १९८५ च्या एनडीपीएस कायद्यात फूल म्हणजे गांजा आणि राळ म्हणजे चरस, दोन्ही गुन्हा, भांगेचं नुसतं पान त्या व्याख्येत येत नाही म्हणून तिची गोष्ट वेगळी. गांजा १ किलोपर्यंत ‘कमी प्रमाण’ धरतात, म्हणून लोकांना वाटतं थोडा असला तर चालतो. चालत नाही, एक वर्षापर्यंत कैद किंवा १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि नुसतं ओढण्यासाठी सहा महिन्यांपर्यंत. पण त्याच कायद्यात ६४अ कलम आहे, व्यसन लागलेला माणूस स्वतःहून सरकारमान्य ठिकाणी उपचाराला गेला तर सेवनासाठी किंवा कमी प्रमाणासाठी खटल्यापासून संरक्षण मिळू शकतं. हे मी तुझ्यासाठी नाही, तुझ्या त्या सोबत्यासाठी लिहितेय, त्याला वाचायला दे.

तू आधीच एकदोनदा ओढून बघितलं असशील तर, वासाचं इतकं बरोबर लिहिलंयस म्हणून विचारते, त्याने काही कायमचं झालं असं मनात घेऊ नकोस. फक्त नंतरच्या दिवसांत लोक आपल्याबद्दलच बोलतायत असं वाटणं, कानात आवाज येणं, दोन-तीन रात्री झोपच न लागून पण ताजंतवानं वाटणं, असं काही झालं असेल तर उद्याच बांबोळीला मानसोपचार संस्थेच्या ओपीडीत जा, किंवा १४४१६ ला फोन कर, टेली-मानसचा नंबर आहे, दिवसरात्र चालू, पैसे लागत नाहीत.

आणि एक काम कर. आईला शांतपणे विचार की मामाला त्रास सुरू झाला तेव्हा त्याचं वय किती होतं, काय करायचा, किती दिवस चाललं, औषधं कुठली होती, आणि तो तेव्हा काही ओढायचा का. ‘वेड लागलं’ या एका शब्दात आमच्या पिढीने चार वेगवेगळे आजार कोंबलेत आणि प्रत्येकाचा तुझ्यासाठी अर्थ वेगळा आहे. ते कळलं की इथेच खाली लिही, मामाचं नाव-गाव नको, मी वाचून उत्तर देईन.